भिजलेली वायरिंग आणि 'जशी आहे तशी'चा कागद

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. गेल्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१३ची परदेशी बनावटीची एसयूव्ही ११ लाख ६० हजारांना घेतली. तिसऱ्याच आठवड्यात रात्रीतून बॅटरी उतरू लागली. मग डॅशबोर्डवर इशारे आणि सस्पेन्शन खाली बसणं सुरू झालं. परवा कसारा घाटात रात्री हेडलाइट एकदम गेले. बायको-मुलं गाडीत होती. गॅरेजवाल्याने कार्पेट उचललं तर खाली ओल. हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि कंट्रोल मॉड्यूलचे (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) १ लाख ८० हजार सांगतो. डीलर म्हणतो, 'जशी आहे तशी' घेतल्याची सही केलीत, मी फक्त मध्यस्थ. बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. गाडी दुरुस्त करू का? हप्ते थांबवू का? पोलिसांत जाऊ का? फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप सोबत पाठवतो.

उत्तर : दादा, सगळ्यात आधी ती गाडी उभी करा. घाटात दिवे गेलेली गाडी पुन्हा घरच्यांना घेऊन रस्त्यावर काढू नका, केस जिंकायची असो वा नसो. उभी केल्यावर लगेच बॅटरीची तार काढू नका. काही फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेल्या बिघाडाच्या नोंदी, त्याने पुसले जाऊ शकतात. आधी स्कॅन करून तारीख आणि किलोमीटरसह छापील रिपोर्ट घ्या. गाडी लॉक करून सगळी मॉड्यूल 'झोपल्यावर' बॅटरीतून किती करंट जातो, तेही मोजून लिहून घ्या. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. मग तार काढा.

आता कायद्याचं. बारा वर्षांच्या गाडीची बॅटरी संपणं, रिले चिकटणं, वायरचं आवरण कडक होणं, याची भरपाई मिळेल अशी आशा धरू नका. किंमत त्याच हिशेबाने उतरलेली होती, असं ग्राहक आयोग म्हणेल आणि ते बरोबरच आहे. तुमची बाजू उभी राहते ती डीलरच्या एका मेसेजवर : 'गाडी पाण्यात गेलेली नाही, इलेक्ट्रिकल सगळं ओके.' हे त्याने पैसे घेण्याच्या दोन दिवस आधी लिहिलं आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र आपण जोडू.

तुमच्या फोटोत ड्रायव्हर सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत आणि कार्पेटच्या स्पंजावर मातकट रेघ दिसते. माझं सगळं लक्ष त्या रेघेवर आहे. कारण पाणी दोन वाटांनी येतं. सनरूफचं पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्याने तुंबल्या, की ते छताच्या कडेने उतरून कार्पेटखाली साचतं. तसं असेल तर तो देखभालीचा प्रश्न, आणि डीलरला ठाऊक होतं हे दाखवणं कठीण. गाडी पुरात बुडाली असेल तर गोष्टच वेगळी. मेकॅनिकला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगा. आतल्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहिलेला असतो. सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डाही बघा. सगळ्याचा व्हिडिओ काढा.

डीलर म्हणेल, पाणी तुमच्याकडेच शिरलं. तुमची पहिली तक्रार डिसेंबरातली आहे, पण नाशिकला अवकाळी कधी कोसळतो हे द्राक्षवाल्याला मी काय सांगू? त्या आठवड्यांत पाऊस झाला होता का आणि गाडी कुठे धुतली, हे आजच लिहून काढा. आधीच्या मालकाची विमा पॉलिसीही मिळवा. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मधेच शून्यावर आला असेल, तर त्याआधीच्या वर्षी क्लेम घेतला होता का, हा पहिला प्रश्न. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जुनी नोंद मागा.

'जशी आहे तशी'ची सही तुम्हाला थोडी जड जाणार, हे स्पष्ट सांगते. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये दर्जाविषयीच्या ज्या गर्भित (न लिहिताही लागू होणाऱ्या) अटी आहेत, त्या कराराने वगळता येतात. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं म्हणजे करार अधिनियमाच्या कलम १७ खाली कपट, आणि त्यावर अशा सहीचं पांघरूण घालता येत नाही. मध्यस्थ असल्याचा बचाव तर त्याचे स्वतःचेच कागद मोडतील : पैसे कोणाच्या खात्यात गेले, डिलिव्हरी नोटवर शिक्का कोणाचा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यायची असते. तो नमुना भरला होता का, हे नोटिशीतच विचारू.

बिल फर्मच्या नावावर असल्याने 'व्यावसायिक हेतू'ची हरकत येईल, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही, असं डीलर म्हणेल. घाबरू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली आलिशान गाडी केवळ तेवढ्याने व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असं मानलं आहे. मात्र ही गाडी तुम्ही माल किंवा मजूर नेण्यासाठी, भाड्याने वापरली असेल तर मला आत्ताच सांगा. तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही इथे राहता. मोबदला ५० लाखांच्या आत आहे आणि तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची.

दुरुस्ती नोटिशीनंतर. नोटिशीत डीलरला पंधरा दिवस देऊ : या तारखेला, या गॅरेजात, तुमचा मेकॅनिक घेऊन या. तो आला नाही तर पंचनाम्यासारखी नोंद करून ठेवायची. काढलेला एकही पार्ट भंगारात जाऊ देऊ नका, हिरव्या पिनांचा तो कनेक्टर तर पिशवीत घालून कपाटात ठेवा. मागणी पहिली गाडी परत आणि पैसे परत, ते न जमल्यास दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई. गाडी दुरुस्त न करता ठेवणं परवडत असेल तर आयोगाकडे तज्ज्ञ नेमण्याचा अर्जही करू.

हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, डीलरचं पाप तिच्या खात्यात जात नाही. उलट गाडीच उचलून नेतील आणि पुरावा हातचा जाईल. पोलिसांत आत्ता जाण्यात अर्थ नाही. विम्याच्या कागदात पुराचा क्लेम सापडला तर पुढचं बोलू.

शनिवारी येताना आरसी, बँकेचं स्टेटमेंट, डिलिव्हरी नोट आणि सही केलेला तो कागद मूळ प्रतीत आणा. त्या कागदाची मागची बाजू तुम्ही स्कॅन केलेली नाही. तिथे काही छापलेलं आहे का, ते मला बघायचं आहे.