ओजेएसमध्ये पूरक आकृत्या नेमक्या कुठे चढवायच्या?

तुमची अडचण मला समजली ती अशी. कॉलेजचं संशोधन-नियतकालिक ओजेएसवर, म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स या नियतकालिकं चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. एका लेखासोबत १४ पूरक आकृत्या आल्या आणि तुम्ही त्या प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रकाशनाआधीच्या शेवटच्या टप्प्यात, एकेक करून चढवल्या. आता लेखाच्या पानावर पंधरा बटणं दिसताहेत आणि त्यातला मूळ लेख कुठला हे वाचकाला कळत नाही. शिवाय लेखाच्या एचटीएमएल रूपात, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट वाचायच्या पानात, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन येताहेत.

परळच्या एका जीवशास्त्राच्या नियतकालिकाचं निर्मितीचं काम मी बरीच वर्षं बघते आहे. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे घडून गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओजेएस ३ मध्ये प्रत्येक फाइलला एक प्रकार असतो, त्याला तिथे कंपोनंट म्हणतात. लेखाचा मजकूर, डेटा सेट, इमेज, स्टाइलशीट असे काही प्रकार आधीच दिलेले असतात. प्रत्येक प्रकारावर दोन खुणा करता येतात: सप्लिमेंटरी आणि डिपेंडंट. लेखासोबत जाणारी पण स्वतंत्रपणे उघडायची फाइल सप्लिमेंटरी. एचटीएमएलच्या पानात बसणारं चित्र डिपेंडंट, कारण त्या पानाशिवाय त्याला वेगळं अस्तित्व नाही. मूळ सेटिंगमध्ये इमेज हा प्रकार डिपेंडंट असतो, त्यामुळे गॅली, म्हणजे वाचकाला द्यायची तयार फाइल, चढवताना तो यादीत सापडत नाही. मग माणूस हाताशी असलेला 'आर्टिकल टेक्स्ट' निवडतो आणि सॉफ्टवेअर ती आकृती लेखच समजून तिला लेखाशेजारी बसवतं. तुमची पंधरा बटणं बहुधा अशीच आली असावीत.

सेटिंग्ज, वर्कफ्लो, सबमिशन, कंपोनंट्स इथे जाऊन 'पूरक आकृत्या' नावाचा नवा प्रकार तयार करा आणि त्यावर फक्त सप्लिमेंटरीची खूण करा. आधीच्या चौदा गॅली काढून या प्रकाराखाली नव्याने चढवा. मग अंकाच्या अनुक्रमणिकेत फक्त लेखाचं बटण राहील आणि पूरक फाइल लेखाच्या पानावर वेगळी दिसेल. लेख आधीच प्रकाशित झाला असेल तर गॅलीला हात लावता येत नाही. त्यासाठी लेख तात्पुरता अप्रकाशित करावा लागतो किंवा नवी आवृत्ती काढावी लागते. आवृत्त्यांची सोय ३.२ पासून आहे. वाचकांनी लेख उतरवून घेतला असेल तर नवी आवृत्तीच काढा. गुपचूप बदल करू नका.

रिकाम्या चौकोनांचं कारण वेगळं आहे. एचटीएमएल गॅलीची फाइल चढवताना पुढच्या टप्प्यावर डिपेंडंट फाइल्स जोडायची जागा येते, चित्रं तिथे द्यायची. एचटीएमएलमध्ये लिहिलेलं चित्राचं नाव आणि फाइलचं नाव अक्षरशः सारखं हवं. नावं रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवा. आणखी एक गोष्ट: ब्राउझरसाठी टिफ वापरू नका, क्रोम ते दाखवत नाही. टिफ जपून ठेवायला, पानावर पीएनजी. जेपेग फोटोला चालतं, पण आलेखाच्या रेघांभोवती आणि जेलच्या पट्ट्यांभोवती धूसर डाग आणतं.

आता माझं आग्रहाचं सांगणं. चौदा फाइल्स चढवूच नका. सगळ्या आकृत्यांची एकच पीडीएफ करा आणि वरच्या नव्या प्रकाराखाली तेवढीच चढवा. पहिल्या पानावर लेखाचं शीर्षक आणि लेखकांची नावं, मग एस१, एस२ अशा क्रमाने आकृत्या, आणि प्रत्येकीखाली त्याच पानावर तिची पूर्ण ओळख. मथळ्यापासून सुटलेली आकृती काही वर्षांनी कुणाच्याच कामाची राहत नाही. बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, जर्नल मुंबईतून १८८६ पासून निघतं. त्या काळच्या नियतकालिकांतली रंगीत चित्रं वेगळ्या कागदावर छापून अंकात घालत. ग्रंथालयात जुने खंड चाळताना कधी मजकुरात 'प्लेट ३ पाहा' असं सापडतं आणि पुन्हा बांधणी करताना ते पान निघून गेलेलं असतं. तेव्हा फार चुटपुट लागते. आपल्या डिजिटल आकृत्यांचं तसं होऊ नये, ते आपल्या हातात आहे.

याहून मोठी चूक मी स्वतः केली आहे. ठाण्याच्या खाडीतल्या गाळावरचा एक लेख होता, नमुने कुठून घेतले त्याचा नकाशा पूरक आकृतीत होता. ओजेएसमध्ये लेख 'रिव्ह्यू'कडे पाठवताना कोणत्या फाइल्स पुढे जाणार याची यादी येते आणि तिथे खुणा कराव्या लागतात. मी मजकुरावर खूण केली, आकृत्यांची राहिली. दोन्ही परीक्षकांनी नकाशा न बघताच लेख मान्य केला. छापून आल्यावर एका विद्यार्थिनीचं पत्र आलं, की नकाशातली दोन ठिकाणं मजकुरातल्या अक्षांश-रेखांशांशी जुळत नाहीत. तिचं बरोबर होतं. शुद्धिपत्र काढलं, पण आमच्या दोन परीक्षकांसमोर जे जायला हवं होतं ते तिला शोधावं लागलं, याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून दर टप्प्याला मी ती यादी मोठ्याने वाचते: रिव्ह्यूकडे जाताना आणि कॉपीएडिटिंगकडे जाताना. प्रॉडक्शनमध्ये तर तयार फाइल्स समोर दिसत असल्या तरी गॅली वेगळी चढवावीच लागते, त्या आपोआप वाचकापर्यंत जात नाहीत.

चौदा हा आकडाही मला खटकतो. संपादकांना सांगून लेखकाला विचारा: यातली प्रत्येक आकृती मजकुरात कुठे आली आहे? उल्लेख नसेल तर ती काढा. निष्कर्ष जिच्यावर उभा असेल ती मुख्य लेखात आणा. 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'ने २०१० मध्ये पूरक मजकूर घेणंच बंद केलं, कारण त्याचा ढीग परीक्षकांना नीट तपासता येत नव्हता आणि परीक्षकही त्यापायी जास्तीच्या मागण्या करू लागले होते. 'ईलाइफ' या नियतकालिकाने वेगळी वाट घेतली. तिथे प्रत्येक पूरक आकृती एखाद्या मुख्य आकृतीशी बांधलेली असते आणि तिच्याखालीच उघडते. मला ही रीत जास्त पटते. ओजेएसमध्ये तशी सोय सहज होत नाही, पण 'एस४, आकृती २ सोबत पाहा' एवढं मथळ्यात लिहिता येतं आणि वाचकाचं निम्मं काम हलकं होतं.

आकृत्या मागवताना लेखकाला नुसतं '३०० डीपीआय' (इंचाला ३०० ठिपके) सांगू नका. १७ सेंटीमीटर रुंद छापायच्या आकृतीला ३०० डीपीआयने सुमारे २००८ पिक्सेल रुंदी लागते. तोच आकडा सांगा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेलं किंवा वर्डमध्ये चिकटवलेलं चित्र घेऊ नका, दोन्हीकडे ते आकुंचन पावतं. आलेख असेल तर थेट पीडीएफ किंवा एसव्हीजी मागा.

एकत्र पीडीएफ मोठी झाली आणि चढेना, तर सर्व्हरची मर्यादा बघा. ओजेएस ज्यावर चालतं त्या पीएचपीमध्ये मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीला ८ एमबी असते. होस्टिंगवाल्याला दोन्ही वाढवायला सांगा, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी ठेवायला सांगा. कच्च्या प्रतिमा शेकडो एमबीच्या असतील तर त्या झेनोडो या संशोधन-फाइल्सच्या ऑनलाइन भांडारात ठेवा, तिथे डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. तो लेखात 'माहितीची उपलब्धता' या परिच्छेदात द्या.

सगळं झालं की लॉगआउट करून, खासगी खिडकीत, फोनवर लेख उघडा. संपादक म्हणून आत असताना वाचकाला न दिसणाऱ्या गोष्टीही दिसतात. पूरक पीडीएफ उघडते का, एस१ पासून शेवटपर्यंत क्रम लागतो का, मजकुरातला प्रत्येक उल्लेख आत सापडतो का, एवढं तपासा. तरीही चौकोन रिकामेच राहिले तर तुमची ओजेएसची आवृत्ती आणि एका चित्राचं एचटीएमएलमधलं नाव इथे लिहा, मी बघून सांगते.