संगणक-शंका : सगळंच नोटपॅडमध्ये उघडतंय!

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घरी विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे. चतुर्थीला नातवंडं आली होती. ती गेल्यापासून डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एकसारखे दिसताहेत. वर्ड असो की इंटरनेट, क्लिक केलं की नोटपॅड उघडतं आणि त्यात कसलीतरी अगम्य अक्षरं दिसतात. स्टार्ट मेनूतही तोच प्रकार. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. गावच्या जत्रेत आम्ही केलेल्या नाटकांच्या संहिता मी श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करून ठेवल्या आहेत. काय करू? – एक वाचक, माशेल

उत्तर : गुरुजी, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, अजिबात करू देऊ नका. तुमची नाटकं जागच्या जागी आहेत आणि वर्डलाही काही झालेलं नाही. खात्री करून घ्यायची असेल तर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवून ‘ई’ दाबा. खिडकी उघडेल. तिथून तुमच्या फोल्डरात जा आणि एखाद्या संहितेवरच डबल क्लिक करा. ती वर्डमध्ये नीट उघडेल.

मग बिघडलंय काय? डेस्कटॉपवर जे दिसतं ते बहुतेक वेळा वर्ड नसतं, वर्डकडे नेणारा शॉर्टकट असतो. कोपऱ्यात छोटा बाण असतो तो त्याचाच. प्रत्येक फाइलच्या नावाला एक शेपूट असतं. वर्डच्या फाइलला डॉक किंवा डॉकएक्स, फोटोला जेपीजी, तसं शॉर्टकटला एलएनके. हे शेवटचं शेपूट विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं, बाकीची शेपटं दाखवायला सांगितली तरी हे दिसत नाही. कोणत्या शेपटाची फाइल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची, याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, असते. नातवाने एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ म्हटलं असणार, नोटपॅड निवडलं असणार, आणि खालची ‘नेहमी हाच प्रोग्राम वापरा’ ही खूण तशीच राहिली असणार. झालं! एकूण एक शॉर्टकट नोटपॅडच्या वाट्याला गेले. पोराला बोल लावू नका, विंडोज ७ मध्ये हे फार सहज होतं.

आता नोटपॅडमधली ती अगम्य अक्षरं जरा निरखून बघा, त्यांतच निदान आहे. पहिलंच अक्षर इंग्रजी ‘एल’ आणि पुढे मोकळी जागा असेल, तर तुम्ही शॉर्टकटचं पोट बघताय. ‘एमझेड’ने सुरुवात असेल, तर तो खुद्द प्रोग्राम आहे, म्हणजे ईएक्सई. मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं, डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळापासून प्रत्येक ईएक्सईच्या माथ्यावर आहेत. वर्डची नवी फाइल ‘पीके’ने सुरू होते, कारण आतून ती झिप, म्हणजे दाबून लहान केलेलं गाठोडं, असते आणि झिपचा हा प्रकार काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. वर्गात मुलांना हे दाखवलं की ती खूश होतात, पण दुरुस्तीच्या टेबलावरही याचा मोठा उपयोग आहे.

तुमचं ‘एल’च निघेल. विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबा, चौकटीत इंग्रजीत आर-ई-जी-ई-डी-आय-टी टाइप करून एंटर करा. परवानगी मागितली तर ‘येस’ म्हणा. रजिस्ट्री उघडेल. आधी फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करून तिची एक प्रत ठेवा, हे टाळू नका. मग डावीकडे एकेक फांदी उघडत जा : एचकी करंट यूझर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइल एक्स्ट्स. त्याखाली टिंब एलएनके, आणि त्याच्या पोटात ‘यूझर चॉइस’ नावाचा फोल्डर. फक्त तेवढाच डिलीट करायचा. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, आयकॉन आपापल्या रूपात परत येतील. ही नोंद त्या एका वापरकर्त्यापुरतीच असते. घरात दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर त्यात सगळं ठीक दिसेल, तीही एक परीक्षाच.

‘एमझेड’ दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा ईएक्सईचीच नोंद बिघडलेली असते, रजिस्ट्रीसुद्धा उघडत नाही, आणि त्यामागे खरोखर व्हायरस असू शकतो. अशा वेळी संगणक सुरू होताना एफ-८ दाबून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मध्ये जा आणि सिस्टिम रिस्टोरने, म्हणजे विंडोजला जुन्या स्थितीत नेणाऱ्या सोयीने, बिघाडाच्या आधीची तारीख निवडा. दस्तऐवज त्यात पुसले जात नाहीत. नंतर अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करून घ्या. यूपीएस नसेल तर हे काम विजा चमकत असलेल्या संध्याकाळी काढू नका. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि रिस्टोर अर्धवट राहणं वाईट.

आता श्रीलिपीबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. ते जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीचे, नाहीत. फॉरमॅटमध्ये फाँट गेले की फाइल पेनड्राइव्हवर वाचवलेली असूनही उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ‘डेटा काढून ठेवलाय’ असं दुकानात सांगतात तेव्हा त्यात फाँट धरलेले नसतात. गावोगावच्या मंडळांच्या संहिता अशाच न वाचता येण्यासारख्या होऊन पडतात, आणि टाइप करणारे हात पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आजच संहितांसोबत सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातल्या ‘फाँट्स’मधून श्रीलिपीचे फाँटही पेनड्राइव्हवर घ्या, आणि प्रत्येक संहितेची एक पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची भर मिळत नाही. नाटकं लिहायला तो चालेल, बँकेचे व्यवहार त्यावर नको.

प्रश्न : विंडोज ११ वर वीजबिलाची पीडीएफ दरवेळी ब्राउझरमध्येच उघडते. मी दुसरा रीडर टाकलाय, तरी तेच. – वाचक भगिनी, साखळी

उत्तर : ताई, नवा प्रोग्राम टाकला म्हणून, पीडीएफ कशात उघडायची याची विंडोजमधली नोंद आपोआप बदलत नाही. विंडोज ८ पासून ती नोंद कोड घालून जपलेली असते, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामने परस्पर ढवळाढवळ करू नये. निवड तुम्हीच करायची. बिलावर राइट क्लिक करा, ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर ॲप’. तुमचा रीडर निवडून ‘ऑल्वेज’ दाबा. ‘जस्ट वन्स’ दाबलंत तर पुढचं बिल पुन्हा ब्राउझरमध्येच उघडेल.