१०० एमबीपीएस म्हणजे १२.५ की ११.९२?

तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा. एक कन्व्हर्टर १२.५ म्हणतो, दुसरा ११.९२, आणि डाउनलोड प्रत्यक्षात ११.३च्या पुढे सरकत नाही. खरं कोणतं आणि कंपनी फसवतेय का, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तुमची लाइन उत्तम चालली आहे.

लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, झाले १२.५ मेगाबाइट. इथवर सगळ्यांना कळतं. घोळ पुढे आहे. मेगा म्हणजे १० लाख. मेबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६. सेकंदाला येणाऱ्या १,२५,००,००० बाइटांना या संख्येने भागा, ११.९२ मेबीबाइट मिळतील. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने किबी, मेबी, गिबी ही नावं १९९८च्या डिसेंबरात मंजूर केली ती हा गोंधळ मिटावा म्हणूनच. पण विंडोज अजूनही १०२४ने मोजतं आणि नाव मात्र एमबी, जीबी असंच लिहितं. मॅकने २००९पासून १०००ने मोजायला सुरुवात केली.

आमच्या बडोद्यात हे समजवायला मला जुनं उदाहरण सापडतं. संस्थानाचा बाबाशाही रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया, दोन्ही रुपयेच, पण कलदारची किंमत जास्त. त्यामुळे आकड्यापुढे कोणता रुपया ते लिहावंच लागे. एमबीचंही तसंच आहे.

उरलं ११.३. फाइल तारेवरून छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत येते. इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या तारेवर एका पूर्ण पाकिटाला १५३८ बाइटांची जागा लागते, त्यात तुमच्या फाइलचे साधारण १४६०. बाकी पत्ता, तपासणी आणि दोन पाकिटांमधलं अंतर. ११.९२मधून त्याच प्रमाणात वजा केलं की ११.३ उरतात.

मी दांडिया बाजारात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पहिल्या वर्षी एका वधूपित्याला सांगून बसलो, ‘काका, पाऊण तासाच्या आत सगळं चढवून देतो.’ विंडोजवर फोल्डर ४० जीबीचं दिसत होतं, अपलोड ५० एमबीपीएस. मी सरळ ४०,००० भागिले ५० केलं, ८०० सेकंद आले, वर थोडी सवड धरली. प्रत्यक्षात जवळजवळ दोन तास लागले आणि मुलीकडची माणसं ताटकळत बसली. तो दिवस मला अजून टोचतो. त्यानंतर एक सूत्र पाठ केलं: विंडोजवर दिसणारे जीबी गुणिले १४३, भागिले एमबीपीएस, उत्तर मिनिटांत. ४० गुणिले १४३ भागिले ५०, म्हणजे ११४ मिनिटं. त्यावर पाच-सात टक्के चढवून मगच गिऱ्हाइकाला वेळ सांगतो.

वेगासाठी एकच आकडा ध्यानात ठेवा, ८.३९. एमबीपीएसला त्याने भागलं की मेबीबाइट, मेबीबाइटला त्याने गुणलं की एमबीपीएस. तोंडी हिशेबाला ८.४ चालतं. १०००ने आणि १०२४ने मोजण्यातला फरक किबीला २.४ टक्के असतो, मेबीला ४.९, गिबीला ७.४, टेबीला जवळजवळ १०. एक टेराबाइटची नवी डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते ती याचमुळे, दुकानदाराने काही कमी दिलेलं नसतं.

लिहिताना बीकडे नीट पाहा. रोमन लिपीतला लहान बी म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट. एम आणि बीच्या मध्ये छोटा आय असेल तर ते मेबी.

वाय-फाय सोडून थेट तार लावूनही मेबीबाइटचा आकडा ७वर अडकत असेल, तर मात्र तक्रार जरूर करा. फोनवर ‘७ येतंय’ असं सांगू नका. ८.३९ने गुणून ‘५९ एमबीपीएस मिळतायत’ असं सांगा, कारण कंपनीशी तुमचा करार त्याच एककात झालेला आहे.