वडील श्रीलंकेत जखमी झाले होते, पण नोंदच सापडत नाही. आता वूंड मेडल मिळू शकेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील १९८७ ला शांतिसेनेत जाफन्याला होते, पायाला गोळी लागली, आणि आता वूंड मेडलसाठी अर्ज केला तर रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, नोंद उपलब्ध नाही. पुढे काय करावं, एवढंच विचारलं असतंत तर मी बहुधा गप्प बसलो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तेव्हाच्या क्लार्कने घोळ घातला असावा.’

मी तेव्हाचा क्लार्क आहे. तुमच्या वडिलांच्या पलटणीतला नव्हे, पण त्याच साली, त्याच बेटावर, दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर टाइपरायटर मांडून बसलेला. आणि हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं घरच्याच माणसाच्या तोंडून ऐकतोय. लग्नाची पंगत असो नाहीतर कुणाचं तेरावं, दाजी समोर बसले की विषय तिथेच येतो.

दाजी म्हणजे अक्काचे मालक. आम्ही एकाच पलटणीत, ते रायफल कंपनीत नाईक, मी बटालियन हेडक्वार्टरला. लग्न ८६ ला, माझ्याच ओळखीनं झालेलं. ८७ च्या नोव्हेंबरात त्यांचं पेट्रोल जात असताना रस्त्यात पुरलेला सुरुंग उडाला. दोघं जागेवर गेले. चौघांना हेलिकॉप्टरने पलालीच्या विमानतळावर आणि तिथून मद्रासला हलवलं. दाजींच्या उजव्या मांडीत तीन स्प्लिंटर होते. एड पोस्टवर नर्सिंग असिस्टंटने चिमट्याने दोन काढले, तिसरा हाताला लागेना. डॉक्टरसाहेब त्या चौघांच्या मागे. दाजी म्हणाले, मला चालता येतंय, हेलिकॉप्टरमध्ये माझी जागा त्या पोराला द्या. पट्टी बांधून लंगडत कंपनीत परत गेले.

माणूस म्हणून चांगलंच केलं, त्याबद्दल मी आजही सलाम करीन. पण मेडल गेलं ते तिथे. माझ्या टेबलावर नाही.

कारण त्या संध्याकाळी जो कॅज्युअल्टी सिग्नल, म्हणजे मृत-जखमींचा संदेश, गेला त्यात सहा नावं होती. सातवं नव्हतं. नवव्या दिवशी मांडी सुजून टम्म झाली, ताप चढला, तेव्हा कुठे त्यांना मद्रासला पाठवलं. दाखल करताना निदानाच्या रकान्यात पडलं, ‘इन्फेक्टेड वूंड, राइट थाय’. जखम कशाने झाली हे तिथल्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. २३ दिवसांनी डिस्चार्ज स्लिप पलटणीत आली ती माझ्यापुढे. मी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदी ज्यात चढवतात तो पलटणीचा आदेश, टाइप केला: अमुक नंबर, अमुक नाव, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हॉस्पिटलमध्ये. मलेरियाचा पेशंट जसा लिहितात तसाच. तिकडे खरा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरातच, तंबूत कार्बनपेपर दमट व्हायचे आणि खालची प्रत जेमतेम उठायची. दाजींच्या ऑर्डरची तिसरी प्रत वाचताच येत नव्हती, म्हणून मी ती परत टाइप केली. म्हणजे तेच वाक्य मी दोनदा टाइप केलंय.

‘बाबू,’ दाजी म्हणतात, ‘मला काय लागलं ते तुला ठाऊक होतं. तरी तुझ्या हातानं मला आजारी केलंस.’ ठाऊक होतं, हे खरं. पण क्लार्क मनाचं टाइप करत नाही हो. वरून सही आली पाहिजे, इंज्युरी रिपोर्ट आला पाहिजे. मेव्हणा आहे म्हणून मी एकाला युद्धात जखमी दाखवलं असतं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या मेव्हण्यालाही दाखवायला लागलं असतं.

आता तुमचं. वूंड मेडल हे शौर्यपदक नाही, हे आधी डोक्यातून काढा. ते १९७३ ला सुरू झालं, हिंदी नाव पराक्रम पदक, पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा. नावात पराक्रम असला तरी तिथे पराक्रम कोणी मोजत नाही. शत्रूच्या थेट कारवाईत जखम झाली का, एवढंच बघतात. त्यामुळे ‘वडील फार शूर होते’ अशी दोन पानं लिहून उपयोग नाही. जखम झाली, शत्रूकडून झाली, अमुक तारखेला झाली, या तीन गोष्टी कागदावर जुळल्या पाहिजेत. आजचा एक्स-रे काढून जोडणारे पुष्कळ पाहिलेत. एक्स-रे आत धातू आहे एवढं सांगतो, तो कुठून आला ते सांगत नाही.

रेकॉर्ड ऑफिसने ‘नोंद नाही’ म्हटलं म्हणजे त्यांनी बहुतेक शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीचा मुख्य कागद, आणि पार्ट टू ऑर्डर बघितले. कागद तेवढेच नसतात. हॉस्पिटलचं अॅडमिशन-डिस्चार्ज बुक वेगळं असतं. जखमीवर आघाडीवर उपचार करताना भरलेलं फील्ड मेडिकल कार्ड असतं. पलटण ऑपरेशनवर असताना वॉर डायरी लिहिते, तिच्यात त्या दिवशीची चकमक आणि कधी कधी जखमींची नावंही असतात. आणि घरी येताना रिलीज मेडिकल बोर्ड होतो, फॉर्म ए.एफ.एम.एस.एफ. १६, त्यात अंगावरच्या जुन्या खुणा लिहिलेल्या असतात. वडिलांची प्रत ट्रंकेत असेल, आईला विचारा, असे कागद बायकाच जपून ठेवतात. एपीओच्या, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या, शिक्क्याची इनलँड पत्रं सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण त्यावर तारीख असते.

माहितीच्या अधिकारात वडिलांच्याच सहीने अर्ज करा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्यात ‘माझ्या वडिलांना मेडल का दिलं नाही’ असं विचारू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. प्रती मागा. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे त्यांच्या नावाचे पार्ट टू ऑर्डर, मेडिकल कागद, त्या तारखेचा कॅज्युअल्टी सिग्नल. आणि कागद नष्ट केले म्हणत असतील तर कधी, कोणत्या आदेशाने, आणि ते नष्ट करणाऱ्या बोर्डाच्या कागदाची प्रत. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे वडील पेन्शनवर आले की मध्येच सुटून आले यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही. सगळं नष्ट झालं असलं तरी लाँग रोल, म्हणजे जवानांच्या मूळ माहितीची कायमची नोंदवही, राहतो, पण त्यात जखमेचा तपशील मिळेल अशी आशा ठेवू नका.

आणि खरं सांगू? मेडलच्या मागे लागण्याआधी पेन्शनचा कागद बघा. वडिलांना डिसेबिलिटी पेन्शन असेल तर ती कोणत्या नावाने आहे ते महत्त्वाचं. शंभर टक्के अपंगत्व धरलं तर साधा डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, पगाराच्या ३० टक्के, तर पूर्ण नोकरी करून आलेल्याला वॉर इंज्युरी एलिमेंट, म्हणजे लढाईतल्या जखमेचा, ६० टक्के. एक नोंद फिरली की मेडल आणि पैसे दोन्ही फिरतात. लोक भिंतीवरच्या फ्रेमसाठी भांडतात आणि ही दुप्पट रक्कम त्यांना दिसतच नाही. खात्याकडून दाद मिळाली नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबईला खंडपीठ आहे. तिथे सहा महिन्यांची मुदत असते, उशीर माफ करून घ्यावा लागतो. पेन्शनसारख्या चालू हक्कात उशीर मोठा आडवा येत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच धरतात. मी वकील नाही. वकील बघताना फौजी केसेस करणारा बघा, तालुक्याच्या कोर्टातला जमिनीवाला नको.

दाजींचा अर्ज मी २०११ ला केला. तुम्हाला आलं तेच उत्तर आलं. मग मेडिकल बोर्डाच्या फॉर्मवर ‘उजव्या मांडीवर जुना व्रण’ एवढं निघालं. तेव्हाचे कंपनी कमांडर शोधले, त्यांनी दोन ओळींचं पत्र दिलं, भला माणूस. पण त्यांना तारीख आठवेना. तारीख मला पाठ आहे. मी म्हटलं, दाजी, मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, त्या दिवशी मी हजर होतो आणि ऑर्डर मीच टाइप केला. तर म्हणाले, ‘तुझ्या सहीनं मला मेडल नको.’ आणि पँट वर सरकवून नातवाला गुडघ्याच्या वर बोट लावायला दिलं. तो तिसरा तुकडा घसरत घसरत आता तिथे आलाय, कातडीखाली वाटाण्याएवढा लागतो, दाबला की सरकतो. पोरगं हसत होतं. अक्का उठून आत गेली.

एक राहिलंच. मघाशी मी म्हटलं की क्लार्क मनाचं टाइप करत नाही. ते बरोबरच आहे. पण क्लार्क पलटणीचा कारभार बघणाऱ्या अॅडज्युटंटसाहेबांच्या तंबूत जाऊन म्हणू शकतो, साहेब, हा माणूस सुरुंगातला आहे, दुरुस्तीचा ऑर्डर काढू या का. तंबू चाळीस पावलांवर होता. त्या दिवशी दुपारी माझी रजा मंजूर झाली होती, दुसऱ्या सकाळी विमान होतं, आणि टेबलावरचा ढीग संपवूनच निघायचं होतं. परत आल्यावर करू, म्हटलं. परत आलो तेव्हा पलटण दुसरीकडे हलली होती. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा वडिलांना विचारा, त्या वेळी ऑफिसात बाबू कोण होता. त्याला अजून आठवत असेल. तो हयात असेल तर वकिलाच्या आधी त्याला गाठा आणि प्रतिज्ञापत्र घ्या, बरोबरच्या दोघा जवानांचंही घ्या. फोन वडिलांना करू द्या, तुम्ही करू नका. पहिली पाच मिनिटं शिव्या होतील, त्या होऊ द्या.

दाजींचा नवा अर्ज माझ्या कपाटात आहे, प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडलेलं. त्यांची सही तेवढी नाही.