मिल कामगाराच्या घराण्याचा शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न : माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते आणि पणजोबाही तेथेच बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) काम करीत, असे घरात सांगितले जाते. मूळ गाव भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला होते, याखेरीज काही ठाऊक नाही. मिल बंद पडली, घरात जुना कागद उरलेला नाही. एका भाटाने सात पिढ्यांची वंशावळ लिहून देण्याची तयारी दाखविली आहे. ती घ्यावी काय?
— एक वाचक, पाचपावली, नागपूर

उत्तर : भाटाची वंशावळ हौसेखातर अवश्य ऐकावी, मात्र तिच्यातील नावाला दुसऱ्या कागदाचा आधार मिळेपर्यंत ते आपल्या वहीत पेन्सिलीनेच लिहावे. अशा वंशावळी चौथ्या-पाचव्या पिढीनंतर बहुधा एखाद्या राजघराण्याला जाऊन मिळतात, आणि सूत काढणाऱ्या पणजोबांची माहिती तेथे नेमकी हरवते.

आपण मिलपासून सुरुवात करू पाहत आहात, ते स्वाभाविक आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयींबाबत देशात अग्रेसर मानली जाई, त्यामुळे तेथे कागद पुष्कळ झाले असणार. परंतु १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. शिवाय पणजोबा बदली कामगार असतील तर कायम कामगारांच्या यादीत त्यांचे नाव नसणे साहजिक आहे. एखादे हजेरीचे कार्ड किंवा फंडाची पावती नातलगाच्या पेटीत सापडलीच, तर तीवरील वयावर विसंबू नये. १९२२ च्या सुधारित फॅक्टरी कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना सहा तासांचेच काम ठरविले. त्यामुळे पोराचे वय दोन-तीन वर्षांनी वाढवून सांगण्याची गरज अनेक घरांना होती.

म्हणून माझा सल्ला असा, की मिल बाजूला ठेवून आधी गाव निश्चित करावे. आपल्या विदर्भात या कामी कोतवाल बुकासारखे दुसरे उपयुक्त साधन नाही. गावातील जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल देत असे व ती या बुकात उतरे. जमीन नसलेल्या मजुराचे नाव बंदोबस्ताच्या (जमीन मोजणी व सारा-आकारणीच्या) कागदांत सापडणे कठीण, पण त्याच्या घरी मूल झाले की कोतवाल बुकात ओळ पडे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव आणि वर्षे नमूद करून नकलेसाठी अर्ज करता येतो. मुलाचे नाव शोधत बसू नये. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असे, त्यामुळे पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. बापाच्या नावावरून शोध घ्यावा. आडनावही क्वचित दिसते. ‘सोमा वल्द लक्ष्मण’ (म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा सोमा) अशी नोंद असते, पत्नीसाठी ‘जौजे’ आणि विधवेसाठी ‘बेवा’ हे शब्द येतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने जरूर पाहावीत. मध्य प्रांतात त्या साथीने फार माणसे नेली, आणि एकाच घरातील दोन-तीन मृत्यू लागोपाठ दिसले, तर कुटुंब गाव सोडून नागपुरास का आले असावे याचाही अंदाज बांधता येतो.

यापेक्षाही सोपा एक मार्ग आहे, जो सहसा कोणाला सुचत नाही. आपल्या भाऊबंदांपैकी कोणी जात वैधता प्रमाणपत्र काढले असेल, तर निम्मे संशोधन त्याच्या फाइलीत झालेले असते. जात पडताळणी समितीपुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि १९५० (अनुसूचित जाती-जमाती), १९६१ (विमुक्त व भटक्या जमाती) किंवा १९६७ (इतर मागासवर्ग) पूर्वीचे पुरावे द्यावे लागतात. त्यासाठी त्यांनी कोतवाल बुकाच्या नकला आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे आधीच मिळविलेले असतात. चुलत-चुलत भावाकडे जाऊन झेरॉक्स मागण्यात संकोच कसला? मात्र त्या वंशावळीत मुली आणि सुना बहुधा गाळलेल्या असतात, कारण तिचा उद्देश बापाकडील नाते सिद्ध करण्यापुरताच असतो. आजीचे माहेर, तिच्या बहिणी, त्या कोणत्या गावी दिल्या, हे घरातील सर्वांत वयोवृद्ध आत्याला अर्ज-विनंत्यांच्या आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : आजीचे कुटुंब बालाघाटचे. १९३१ च्या जनगणनेत त्यांची नावे पाहता येतील काय?
— एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : नाही. जनगणनेतून कोष्टके छापली गेली, घरोघरची नावे जतन झाली नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार नंतरच्या व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले व बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले, म्हणून आपला अर्ज तिकडच्या तहसिलीत जायला हवा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार यादीची प्रत कोठे मिळाली तर पाहावी, पण आजी तीत नसतील तर त्या तेथे राहतच नव्हत्या असा निष्कर्ष काढू नये. ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी देशभरातील याद्यांतून वगळल्या गेल्या होत्या.