‘आपल्यासमोर घेतलेली बरी’

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो. एकतीस डिसेंबरला माझ्या दिरांनी त्याच्या हातात बिअरचा ग्लास दिला. ‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घेतलेली बरी, आणि बिअर म्हणजे काही दारू नव्हे,’ असे त्यांचे म्हणणे. यजमानांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. माझी भीती अनाठायी आहे का?
– एक आई, नाशिक

उत्तर : अजिबात नाही. आधी बिअरचा हिशेब पाहू. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीच्या दोन लार्ज पेगांइतका. हे दोन पेग दिरांनी पुतण्यापुढे ठेवले असते का, एवढेच त्यांना विचारून पाहा.

‘आपल्यासमोर’ हा युक्तिवाद सद्हेतूने केला जातो, म्हणूनच तो घराघरांत टिकून आहे. परंतु ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पालकांनीच मद्य दिल्याने मुलांचे पुढच्या धोक्यांपासून रक्षण होते असे आढळले नाही. उलट अशा मुलांना ते बाहेरून मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. घरातल्या ग्लासाने मुलाला मर्यादा कळत नाही, परवानगी मात्र कळते.

मोह आवरणारा आणि परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे मद्याने विवेक सुटतो तेव्हा या वयात तो मुळातच अर्धाकच्चा असतो, आणि त्यातच मित्राची दुचाकी दारात उभी असते. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेला, ते प्रकरण आपण विसरलेलो नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात : महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठीसुद्धा वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि देणारा सख्खा काका असला म्हणून त्यातून सुटका नाही.

आता मुलाशी बोला, पण यजमानांना सोबत घेऊनच. आईबापांची दोन मते दिसली की मुले सोयीचे मत उचलतात. कधी कुठे अडकलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, त्या रात्री आम्ही रागावणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगा. एखादा मित्र पिऊन बेशुद्ध पडला, त्याचा श्वास मंदावला किंवा अंग गार पडले, तर कॉफी पाजण्यात वेळ न घालवता त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर फोन करायचा, हेही त्याला ठाऊक असू द्या.