०.८ आणि ०.८ मिळून १.६ का होत नाहीत?

प्रश्न : ताशी ६० आणि ८० किमी वेगाने समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचा सापेक्ष वेग आपण १४० धरतो. मग प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन यानांचा सापेक्ष वेग १.६ पट का नाही?

उत्तर : आधी विचारायचं, मोजतंय कोण? बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या हिशेबाने यानांमधलं अंतर खरोखरच प्रकाशाच्या १.६ पट वेगाने घटतं. यात ‘कोणतीही वस्तू प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही’ हा नियम मोडत नाही, कारण त्या वेगाने कोणतीही एक वस्तू धावत नसते. सगळा घोळ होतो तो इथेच.

एका यानात बसून दुसऱ्याचा वेग मोजला, तर मात्र नुसती बेरीज चालत नाही. यानातली मोजपट्टी आणि घड्याळ बाहेरच्याशी जुळत नाहीत. बाहेरच्याला एकाच क्षणी घडलेल्या दोन घटना यानातल्याला मागेपुढे दिसतात. म्हणून दोन्ही वेगांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा आणि बेरजेला त्याने भागा. ०.८ × ०.८ = ०.६४, आणि १.६ ÷ १.६४ = सुमारे ०.९७६. वेग प्रकाशवेगाच्या पटीतच घ्यायचे. ६० आणि ८० तसेच घातले तर १४० ÷ ४८०१ असं भलतंच उत्तर येतं.

पटीत घेतले तर गाड्यांच्या १४० मधून तासाला जेमतेम अर्धा नॅनोमीटर कमी होतो, म्हणजे लोखंडाचे दोन-तीन अणू शेजारी ठेवल्याएवढा. शाळेतली बेरीज गाड्यांना पुरते ती म्हणून.

आता यानाच्या दिव्याचा उजेड घ्या, त्याचा वेग १ : (१ + ०.८) ÷ (१ + ०.८) = १. हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९६४ साली प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने जाणाऱ्या पायॉन या अणूहूनही लहान कणांतून पुढे निघालेल्या गॅमा किरणांचा (हाही एक प्रकारचा प्रकाशच) वेग तपासला. साधी बेरीज खरी असती तर तो जवळपास दुप्पट भरला असता. भरला तो नेहमीचाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किमी.

प्रश्न : लेझरचा ठिपका चंद्रावरून प्रकाशापेक्षा वेगाने सरकवता येईल का?

उत्तर : येईल. चंद्र सुमारे ३,८४,००० किमी दूर आहे. लेझर सेकंदाला ४५ अंश वळवला की ठिपका मर्यादा ओलांडतो. पण ठिपका ही वस्तू नव्हे. प्रत्येक जागी वेगळे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडतात, आणि ते सगळे पृथ्वीवरून निघून १.२८ सेकंदांनीच पोचतात. चंद्राच्या एका कडेवरच्या माणसाला त्या ठिपक्यातून दुसऱ्या कडेला निरोप धाडता येत नाही.